अस्वलं अकराच का?

"माझ्यावर विश्वास ठेवा" असं म्हणणाऱ्या माणसाचे मी आधी हात बघतो. पोलीस खात्यात बत्तीस वर्षं बोटांचे ठसे जुळवण्यात गेली, त्यामुळे ही खोड निवृत्तीनंतरही सुटलेली नाही. हेमा, माझी बायको, म्हणते की मी दूधवाल्यालाही आरोपीसारखा न्याहाळतो. न्याहाळतो, कारण दूध पातळ येतं.

क्षिप्रा माझ्या मित्राची मुलगी. तिची संस्था विदर्भातल्या एका डोंगराळ जंगलात अस्वलांची गणती करते, पण कचेरी मात्र डोंबिवलीत. चार वर्षांपूर्वी ती आमच्या घोडबंदर रोडच्या घरी आली आणि काळ्या अस्वलांचे फोटो टेबलावर मांडून म्हणाली, "श्रीपादकाका, प्रत्येकाच्या छातीवर पांढरा पट्टा असतो, आणि एकाचा दुसऱ्यासारखा नसतो. हे काम तुमचंच आहे." मी भिंग काढलं. कुणाचा पट्टा रुंद, कुणाचा एका बाजूला तुटलेला, एकाचा तर थेट वाकलेल्या आकड्यासारखा. संध्याकाळपर्यंत मी अकरा अस्वलं वेगळी काढली होती. चौदाव्या मजल्यावर बसून अस्वलं ओळखणारा मी ठाण्यात बहुधा एकटाच असेन, आणि त्याचा मला भलताच अभिमान होता.

पण दुसऱ्या वर्षी अकरा, तिसऱ्या वर्षी अकरा आणि चौथ्याही वर्षी अकराच. एक ट्रकखाली गेलं, एक विहिरीत पडलं. नदीपलीकडच्या गुहेत, जिथे आमचा कॅमेराच नव्हता, दोन पिल्लं मोठी होऊन पाणवठ्याच्या कॅमेऱ्यात दिसली आणि ती भरपाई झाली. कॅमेरे होते त्या दोन गुहांमध्ये मात्र तीन हिवाळ्यांत सहा पिल्लं दिसली आणि सहाही नाहीशी झाली.

क्षिप्राच्या अहवालात कारणांची कमतरता नव्हती. मादी पिल्लांना दोन-अडीच वर्षं जवळ बाळगते, म्हणजे पुढची वीण तिसऱ्या वर्षी. गुहांचे खडक खाणींनी फोडले. मोहफुलांच्या दिवसांत माणूस आणि अस्वल एकाच झाडाखाली वेचायला येतात आणि शेवटी कुऱ्हाड चालते. सगळं खरं होतं. पण कारणांची गर्दी झाली की गुन्हेगाराला लपायला बरं पडतं, हे मी खात्यात शिकलो होतो. सहा पिल्लं, तीही आमच्याच कॅमेऱ्यांसमोरची! मला यात माणसाचा हात दिसत होता. अस्वलाची पिल्लं विकली जातात, हे काय मला कुणी सांगायला हवं?

आणि त्या गुहांपाशी जाणारा माणूस एकच होता, प्रणित. कल्याणच्या खाडीकाठच्या कोळ्यांचा मुलगा, तिशीच्या आतला, कमी बोलणारा. दर महिन्याला तो जंगलात जाऊन कॅमेऱ्यांची कार्डं आणायचा. मी तारखा जुळवल्या. प्रणित गुहेपाशी जाऊन आला की तीन-चार आठवड्यांत मादी एकटी दिसायची. तिन्ही वेळा! आणि जिथे तो जात नव्हता तिथली पिल्लं जगली होती. आणखी काय हवं?

गेल्या ऑगस्टमध्ये तो कार्डं कचेरीत देऊन, माझ्या वाटचे फोटो द्यायला घरी आला. हेमाने त्याला पोहे दिले. मी समोर बसलो.

"गुहांची जागा कुणाकुणाला माहितेय रे?"

"मला, क्षिप्राताईंना. आणि तुम्हाला, काका."

"गावात कुणाशी बोलतोस?"

"चहावाल्याशी." तो हसला. मग बशी खाली ठेवून म्हणाला, "काका, एक बोलू? गुहेजवळ जायलाच नको आता. मध पण काढूया तिथून. मागच्या टायमाला मी मोठ्या पंजांचे ठसे बघितलेले गुहेच्या तोंडाशी. बोललेलो ना तुम्हाला?"

बोलला होता. मी तेव्हा उत्तर दिलं होतं, "पंजे नकोत, छाती पाठव." मधाची कल्पना माझीच. अस्वल चार पायांवर चालतं, त्यामुळे छाती दिसत नाही. म्हणून पाणवठ्याजवळ उंच दोरीला मधाची चिंधी टांगायची. ती चाटायला अस्वल उभं राहतं आणि पट्टा स्वच्छ मिळतो. क्षिप्राला हे फार आवडलं होतं. पुढे मला पिल्लांचीही नोंद हवीशी वाटली, तेव्हा मी परस्पर प्रणितला सांगितलं की गुहेच्या तोंडाशीही तशीच मधाची दोरी बांध, जरा खाली. पट्टे उत्तम आले. आता हाच मुलगा म्हणत होता, कॅमेरा नको, मध नको, कुणी बघायलाच नको. चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय! मी त्याला हो म्हटलं आणि तो लिफ्टमध्ये शिरताच क्षिप्राला पत्र लिहायला बसलो.

त्याच महिन्यात वनखात्याच्या एका कायम जागेसाठी संस्थेकडून प्रणितचं नाव जायचं होतं. माझ्या पत्रामुळे ते थांबलं. क्षिप्राने त्याला तपासणी होईपर्यंत घरी बसायला सांगितलं आणि मला फोन केला. आवाज कोरडा होता.

"काका, एका मुलाच्या पोटावर पाय येतोय. तारखा पुरेशा नाहीत. पूर्ण फोटो बघून मला पुरावा दाखवा."

पूर्ण फोटो मी कधीच पाहिले नव्हते. तो माझा नियम होता. खात्यात आम्हाला ठसा दाखवत, खोली दाखवत नसत. प्रेत कुठे पडलंय, रडतंय कोण, हे कळलं की नजर वाकडी होते. म्हणून कचेरीतल्या संगणकाने आपोआप छातीचा चौकोन कापावा आणि मला तेवढाच पाठवावा, अशी व्यवस्था मी करून घेतली होती. बाकीचा फोटो डिस्कवर पडून राही. गणती काकांची, म्हणून तो दुसरं कुणी बघतही नसे.

डोंबिवलीत क्षिप्राच्या शेजारी खुर्ची ओढून मी बसलो. प्रणित पोतं घेऊन गुहेतून निघतोय, एवढा एकच फोटो मला हवा होता. प्रणित दिसला. कार्ड बदलताना, चिंधीला मध लावताना. लावून झाल्यावर हात गवताला पुसून, पाठ न वळवता मागे मागे निघून जाताना. पोतं नव्हतं.

"मध? गुहेपाशी?" क्षिप्रा म्हणाली. "हा तर पाणवठ्यावर लावायचा होता ना?"

"मीच सांगितलं होतं," मी म्हणालो. "पिल्लांच्या पट्ट्यांसाठी."

तिने कळ दाबली. पुढचा फोटो आला. मादी उभी, पायांशी दोन पिल्लं, तिघांचे पट्टे लख्ख. यावर मी प्रणितला 'शाब्बास' असा निरोप पाठवला होता. मग तीन दिवसांनंतरचा, संध्याकाळी सव्वापाचचा. आकड्याचा पट्टा असलेला मोठा नर दोरीशी उभा होता, चिंधी तोंडात. माझ्या वहीत ही नोंद होती: 'क्रमांक चार, स्पष्ट.' पूर्ण फोटोत त्याच्यामागे गुहेच्या तोंडाशी मादी दात विचकून उभी होती.

"नर पिल्लं मारतात, काका," क्षिप्रा हळू आवाजात म्हणाली. "पिल्लं गेली की मादी पुन्हा माजावर येते. एरवी तो गुहेकडे फिरकला नसता. वासावर आला."

शेवटचा फोटो पाच मिनिटांनंतरचा. त्याच्या कापलेल्या चौकोनावर मी शेरा मारला होता: 'छातीसमोर काहीतरी आडवं आलंय. बाद.' पूर्ण फोटोत ते काहीतरी त्याच्या जबड्यात लोंबत होतं. त्याला चार पाय होते.

उरलेल्या दोन हिवाळ्यांचे फोटो बघण्याची गरज नव्हती, तरी मी बघितले. एका वेळी तोच नर, दुसऱ्या वेळी दुसरा. दोघांच्याही पट्ट्यांपुढे माझी बरोबरची खूण होती. क्षिप्राने पाणी दिलं, ते मी तसंच ठेवलं.

जागेसाठी दुसरं नाव आठ दिवसांपूर्वीच गेलं होतं. माझं पत्र मागे घेऊन आता काही होणार नव्हतं.

तरी मी कल्याणला गेलो. खाडीकाठी प्रणितचे आजोबा, भिवाजी, ओट्यावर बसले होते. मी माझं नाव सांगितलं तसे ते जरा सरकले, पण बस म्हणाले नाहीत.

"आमचा पोर सांगत व्हता तुमाला," ते म्हणाले. "पावसाल्यान मासली गाभोली धरते, अंडी घालते, तवा आमी होरी काठाला लावतो. तिच्या वाटेला जात नाय. ह्ये शिकलेल्यांना समजला नाय का?"

प्रणित आतून आला. मी त्याला सगळं सांगितलं, पत्रापासून जबड्यापर्यंत, काहीही न गाळता. त्याने मान खाली घालून ऐकलं.

"मध तर मीच लावलेला, काका," तो म्हणाला. "तुम्ही सांगितलं तरी हात माझाच होता. तीन टाईम लावला."

"चूक माझी आहे. मी क्षिप्राला तसं लिहून दिलंय. तिने तुला परत बोलावलंय."

"हां, फोन आलेला. जाणार मी."

जानेवारीत तो पुन्हा जंगलात गेला. परत आल्यावर कार्डं थेट माझ्याकडे घेऊन आला; आता मी पूर्ण फोटो बघतो. पाणवठ्याची कार्डं होती; गुहांची नव्हती. पोहे खाताना तो आपणहून बोलला, "दोन माद्या व्यायल्यात काका. लांबून बघितलं, दुर्बिणीने."

मला इतका आनंद झाला की मी खुर्चीतून अर्धा उठलो. "कुठे? त्याच गुहांत की दुसरीकडे?"

प्रणितने माझ्याकडे पाहिलं. मी लोकांकडे बघत आलो, तसंच पाहिलं त्याने. आधी माझ्या हातांकडे आणि मग तोंडाकडे.

"ते नाय सांगणार काका तुम्हाला," तो म्हणाला.

मी खाली बसलो. हेमाने त्याला आणखी पोहे वाढले. मी पुन्हा विचारलं नाही.