डाव्या कोपऱ्यातला डाग

थंडीताईंची नोकरी त्यांच्या सासूबाईंना कधीच नीट उमगली नाही. "थंडी राखायचा पगार देतात तुला?" असं त्या अधूनमधून विचारत, आणि थंडीताई "हो" म्हणत, कारण खरं तेच होतं. डोंगरमाथ्यावरच्या वेधशाळेतली मोठी दुर्बीण डोळ्यांना दिसणारा उजेड सोडून ताऱ्यांची ऊब टिपायची. धुळीच्या ढगाआड दडलेले, नुकते जन्मलेले तारेसुद्धा तिच्या तावडीतून सुटत नसत. पण ऊब टिपणारं यंत्र स्वतःच कोमट राहिलं, तर त्याला आधी स्वतःचाच झगमगाट दिसणार. म्हणून तिचा कॅमेरा एका जाडजूड थंडपेटीत बसवलेला होता. त्या पेटीत द्रव नायट्रोजन भरून ती उणे दोनशे अंशांच्या आसपास ठेवायची, हे थंडीताईंचं काम. अकरा वर्षांत पेटीने एकदाही दगा दिला नव्हता.

त्यामुळे संचालक सर भर बैठकीत "ताई, पेटी गळतेय तुमची," म्हणाले, तेव्हा थंडीताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

झालं होतं असं, की आठवडाभर प्रत्येक चित्राच्या डाव्या कोपऱ्यात एक पांढुरका डाग येत होता.

"पेटी गळली असती तर अख्खं चित्र पांढरं पडलं असतं, सर. एकटा कोपरा कसा पडेल?"

"मग काय भुताटकी आहे?" सर म्हणाले, आणि दुपारपर्यंत दुर्बिणीच्या घुमटाच्या दारावर नोटीस लागली. हीटर बंद, चार्जर बंद, थर्मास बंद. विनाकारण माणूससुद्धा बंद. खालच्या खोलीतला चहाचा थर्मासही जप्त झाला. त्याचा घुमटाशी काडीचा संबंध नव्हता, पण सर तत्त्वाचे पक्के.

चित्रं तपासणाऱ्या संशोधकाला सगळे पिक्सेल म्हणत. चहावाचून त्याचा चेहरा उतरला होता, तरी डोकं चालत होतं. "ताई, हा डाग सूर्य मावळताना ठळक असतो," तो म्हणाला. "मग फिकट होत जातो आणि दोन-तीन तासांत गायब. गळती असती तर वाढला असता."

"म्हणजे काहीतरी निवतंय," थंडीताई म्हणाल्या. "आणि रोज कुणीतरी ते तापवून ठेवतंय."

दुसऱ्या दिवशी दुपारी साडेतीनला त्यांनी हातातला छोटा उष्णता-कॅमेरा घेतला आणि घुमटाचं दार हळूच उघडलं. आत पंखे थंड हवा फिरवत होते. कॅमेऱ्याच्या पडद्यावर सगळं निळंशार दिसत होतं. फक्त लोखंडी जिन्याच्या पायऱ्यांवर पिवळी पावलं उमटली होती, एकामागून एक, वर जाणारी. खालच्या पायऱ्यांवरची विरत चालली होती, वरची ताजी होती. कुणीतरी आवाज होऊ नये म्हणून बूट काढून, मोज्यांवर वर गेलं होतं.

थंडीताईंनीही चपला काढल्या.

महाकाय आरशाच्या कडेला, लोखंडी फळीवर एक माणूस उताणा पसरला होता. पडद्यावर तो निखाऱ्यासारखा फुललेला दिसत होता आणि कमरेखालून तर पांढराशुभ्र चौकोन डोकावत होता. ती गरम पाण्याची पिशवी होती. तिच्यावर संचालक सर शांतपणे घोरत होते.

ताईंनी त्यांना उठवलं नाही. एक फोटो काढला आणि आल्या पावली खाली उतरल्या.

पाचच्या बैठकीत त्या म्हणाल्या, "सर, मला एक नवी वस्तू सापडलीय. दाखवू?" परवानगीची वाट न बघता त्यांनी चित्र भिंतीवर टाकलं. चेहऱ्याचा भाग तेवढा कापला होता. "लांबी साधारण साडेपाच फूट. तापमान तिशीच्या आसपास, मध्यभागी बरंच जास्त. विशेष म्हणजे ही वस्तू आवाजही करते."

पिक्सेल पुढे झुकला. "ताई, हिला पायाची बोटं आहेत?"

"असावीत. नाव मात्र अजून दिलेलं नाही. शोध लावणाऱ्याला नाव द्यायचा मान असतो ना, सर?"

सरांनी पाण्याचा पेला उचलला, पुन्हा ठेवला. "नावाची घाई नको," ते म्हणाले. "ताई, जरा केबिनमध्ये या."

केबिनचं दार लावून ते जपून, कण्हत खुर्चीत टेकले. "कमरेची चकती सरकलीय. आमची बायको हाडांची डॉक्टर; तिने दोन महिने विश्रांती सांगितलीय. मी घरी सांगितलं, की बसूनच काम करतो."

"आणि झोपायला आरशाशेजारी?"

"इथे केबिनचं दार कुणीही उघडतं हो. आणि वर ती फळी अगदी सपाट आहे." ते ओशाळले. "पिशवी घेऊन उतरताना कुणी पाहील म्हणून तिथेच फळीच्या कडेला अडकवून यायचो, आणि सकाळी कुणी नसताना खाली आणायचो. एवढीशी तर पिशवी. दुर्बिणीला इतकी दिसेल असं वाटलं नाही."

तीस वर्षं इन्फ्रारेडवर, म्हणजे न दिसणाऱ्या उष्णता-किरणांवर, व्याख्यानं देणारा माणूस हे बोलत होता. थंडीताईंनी हसू गालातल्या गालात दाबलं. "दारावरची नोटीस उतरवा. थर्मास परत करा. पेटीबद्दल सगळ्यांसमोर माफी मागा. आणि वहिनींना फोन करा."

"पहिली तीन कबूल."

"चौथं मी करते मग. फोटो छान आलाय, पाठवते त्यांना."

सरांनी मुकाट्याने फोन उचलला. वहिनींचा आवाज फोनबाहेर ऐकू येत होता. त्यातलं "वय काय तुमचं" एवढं स्पष्ट कळलं. तासाभरात त्या स्वतः गाडी घेऊन आल्या, नवऱ्याला मागच्या सीटवर आडवं घातलं आणि पिशवीसकट घरी नेलं. जाण्याआधी सरांनी माफी मागितली, पडल्यापडल्या, गाडीच्या खिडकीतून. वेधशाळेच्या नोंदवहीत ताईंनी लिहिलं: उष्णतेचा स्रोत सापडला, कुटुंबीयांच्या ताब्यात दिला.

त्या संध्याकाळी डावा कोपरा काळाभोर, स्वच्छ आला. जिथे आठवडाभर डाग होता, नेमक्या तिथेच धुळीच्या ढगात बारीक बारीक ठिपके चमकत होते. पिक्सेलने ते मोजले आणि सरांच्या घरी फोन लावला. वहिनींनी फोन सरांच्या कानाला धरला.

"सव्वीस तारे आहेत सर. सगळे अगदी तान्हे."

पलीकडे पलंग करकरला आणि "उठू नका!" असा वहिनींचा आवाज आला.

"पुन्हा मोजा," सर म्हणाले.

थंडीताईंनी थर्मासमधला चहा दोन कपांत ओतला, आणि दोघं पुन्हा मोजायला बसले.