टेकडीवरचा दिशादगड

मित्रांनो, माझ्यावर जेवणाचे डबे मांडलेत, हरकत नाही. पण ते जरा उचला. मी एक जुना दगड आहे, आणि माझ्या काठावर बारा प्राणी कोरले होते. उंदीर म्हणजे उत्तर, ससा म्हणजे पूर्व, कोंबडा म्हणजे पश्चिम. दक्षिणेचा घोडा आणि त्याच्याशेजारचा साप तुम्हाला सापडणार नाहीत. ते कसे गेले तेच आज सांगतो.

कोमाउरा बंदरातल्या तांडेलांनी वर्गणी काढून मला घडवून घेतलं. एदोकडे, म्हणजे आजच्या टोकियोकडे, जाणारी शिडाची जहाजं इथं वाऱ्याची वाट बघत थांबत. रोज पहाटे म्हातारा तोकुएमोन माझ्यावर उभा राहून हवा सांगायचा. हिवाळ्यात वारा कोंबड्यावर ठाण मांडून बसतो, उन्हाळ्याच्या तोंडाला ढग पाहुण्यासारखे येतात आणि हलत नाहीत, भात फुलोऱ्यावर आलं की दक्षिणेकडून तुफानं निघतात, हे सगळं त्याला पाठ होतं. अंदाज खरा ठरला की लोक त्याला हात जोडत. चुकला की त्याच हातांनी बोटं मोडत.

माझ्या शेजारी वाटसरूंना राखणारे दगडाचे जिझोदेव उभे असत. खाली सराय चालवणारी ओशिगे मोठी पोचलेली बाई. जहाजं अडकली की तिच्या खोल्या भरत. म्हणून पाहुणे निघायच्या बेताला आले की ती गुपचूप वर येऊन जिझोंना गवताच्या दोरानं करकचून बांधायची. "वादळ आणा, मग सोडते," असा सरळ व्यवहार! सगळ्या बंदराला हे ठाऊक होतं आणि सगळं बंदर हसायचं.

एका वर्षी भात फुललं असताना ग्योझो तांडेलाचं जहाज तेलाची पिंपं घेऊन इथं थांबलं होतं. त्या पहाटे वारा पुरता पडलेला, समुद्र तेलासारखा गुळगुळीत. पण लांबून, सापाच्या दिशेनं, संथ जाडजूड लाटा येत होत्या. टेकडीच्या पायाशी त्या आदळल्या की माझ्या पोटात धस्स व्हायचं. समोरच्या डोंगरानं ढगाची टोपी चढवली होती.

"आज निघू नकोस," तोकुएमोन म्हणाला. "वारं नाही आणि लाटा आहेत. म्हणजे वारं मागून येतंय."

ग्योझोनं आभाळाकडे पाहिलं, मग जिझोंकडे. आणि खो खो हसला. देवांना दोर बांधलेला होता.

"वा आजोबा! सरायवालीनं दोर बांधायचा आणि तुम्ही वादळ सांगायचं. वाटा किती ठरलाय?"

तेवढ्यात ओशिगे धापा टाकत चढून आली. "तांडेल, माझ्या गळ्याची आण! या खेपेला खोल्यांसाठी नाही बांधला. माझा कानरोकू आहे हो तुमच्या सुकाणूवर. लाटा बघितल्या, आणि तो निघू नये म्हणून बांधला."

कानरोकू तिचा धाकटा भाऊ. तो मागेच उभा होता, लाजेनं लालबुंद. "ताई, पुरे कर ना! सगळं जहाज हसतंय मला."

"हसू देत! हसणारे परत येतात का बघ!"

ग्योझोनं दोर सोडला, गुंडाळला आणि कमरेला खोचला. "घ्या, देव मोकळे झाले. आता वादळ कुठून आणशील, ओशिगेबाई?"

मित्रांनो, मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो. पायाखालची प्रत्येक लाट मला सांगत होती. पण दगडाचं कोण ऐकतं? शीड चढलं आणि जहाज गेलं.

दुपारीच अंधारलं. वारा सापावर आला आणि घोड्याकडे सरकू लागला. ओशिगेनं सरायच्या खिडक्यांची दारं उखडून वर आणली. जाळ करायला सपाट जागा एकच होती, ती म्हणजे मी. बायकांनी आडोशाला चटया धरल्या. पाऊस जाळ विझवी, ओशिगे पुन्हा पेटवी. तिनं आपल्या दारांच्या चौकटी जाळात घातल्या, न्हाणीचं लाकडी पिंप घातलं. "दिसू दे रे त्याला, एवढं दिसू दे," हेच शब्द. तापलेल्या मला पावसानं झोडपलं आणि माझ्या काठाचा एक तुकडा तडकून उडाला. साप गेला, घोडा गेला.

वादळ ओसरल्यावर डोलकाठी तोडलेलं जहाज जाळाच्या खुणेनं बंदरात शिरलं. ग्योझो वर चढून आला. वादळात बोललेल्या नवसापोटी त्यानं शेंडी कापली होती. कमरेला दोराचा तुटका तुकडा होता.

"कानरोकूला सुकाणूला बांधला होता," तो खाली बघत म्हणाला. "याच दोरानं. हाताशी दुसरा नव्हता. गवताचाच तो... तुटला."

ओशिगेनं तुकडा हातात घेतला, ओढून पाहिला.

"जिझोंना पुरत होता," ती म्हणाली. "ते कुठं जाणार होते?"

त्यानंतर तिनं देवांना कधी बांधलं नाही. रोज पहाटे मात्र यायची आणि माझ्या तुटक्या कडेवर हात ठेवून तोकुएमोन काय सांगतो ते ऐकायची. पुढं तो गेला, ती गेली, शिडं गेली. माझ्यावर शेवाळ चढलं.

आता हवेचा अंदाज तुमच्या खिशात वाजतो. चांगलं आहे. मला कोणी धुवावं, पुजावं असं माझं मागणं नाही. एवढंच करा: कोणी "आज जाऊ नका" म्हणालं, तर त्यात त्याचा फायदा काय, हे मागाहून शोधा. आधी समुद्राकडे बघा.

चला, डबे आवरा. माझ्या पोटात पुन्हा धस्स होतंय. वारं नाही, बघा. आणि लाटा आहेत.