बाबांच्या झग्याचा खिसा

बाबांनी इस्त्रीवालीच्या डाव्या कानाला चिमटा लावला, फुंकर मारली आणि वळवळणारा किडा ताटलीत टाकला. दालनातल्या दीडशे माणसांनी हात जोडले.

"तीन वर्षं हाच तुझं अर्धं डोकं पोखरत होता," बाबा म्हणाले. "रोज तीन पुड्या घे. जखम भरेल."

तीन वर्षांत तिच्या डोक्याची डावी बाजू एक दिवस दुखायची थांबली नव्हती. कळ वाढली की डावा डोळा लाल होऊन गळायचा. दाढ काढून झाली, चष्मा बदलून झाला. पुड्यांनी मात्र दोन दिवसांत डोकं शांत झालं. तिनं गल्लीभर सांगितलं. तिच्याच शब्दावर शेजारचे शिंपीकाका गुडघ्यांसाठी पुड्या घेऊ लागले आणि पाचव्या आठवड्यात रक्त ओकून गेले. बाबा म्हणाले, श्रद्धा पातळ पडली.

मग बाबांचे झगे इस्त्रीला आले. सवयीनं तिनं खिसे उलटे केले. गोळ्यांची रिकामी पाकिटं निघाली. बाहीच्या दुमडीत शिवलेल्या थैलीत दोन मेलेले किडे होते. तिला स्वतःला आठवडाभर शौचाला काळं होत होतं. हे सगळं आणि उरलेली एक पुडी घेऊन ती दवाखान्यात गेली.

पुडी तपासून आली. आत त्या पाकिटांतलीच गोळी होती, कुटलेली.

"इंडोमेथासिन," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुमची डोकेदुखी दुर्मीळ आहे. इतर औषधांना ती सहसा दाद देत नाही, या गोळीनं थांबते. पण गोळी पोटात जखमा करते. शौचाला काळं होणं म्हणजे आतलं रक्त."

"मग आता?"

"आधी पोटातल्या जखमा भरून येऊ देत. तोवर दुखेल. पुढे हीच गोळी, मोजून, पोटाच्या औषधासोबत, माझ्या नजरेखाली. नाही सोसली तर दुसरा उपाय शोधू."

पुढच्या बैठकीला ती गळत्या डोळ्यानं उभी राहिली आणि पाकिटं, किडे ताटलीत ओतले.

"तुझं डोकं दुखायचं तर थांबलं होतं ना?" मागून कुणी टोमणा मारला.

"थांबलं. गोळीनं. काकांनाही गोळीनंच नेलं, आणि घ्या म्हणून मी सांगितलं होतं."

शिंपीणकाकूंनी मुठीतली पुडी बाबांपुढे धरली. "यात काय आहे?"

"श्रद्धा," बाबा म्हणाले.

काकूंनी पुडी त्यांच्याच हातात ठेवली. "मग तुम्ही घ्या. रोज तीन."

बाबांनी घेतली नाही.

दुखणं थांबलं, एवढ्यावर चमत्कार मानू नका. कशानं थांबलं ते विचारा. जो सांगत नाही, त्याच्या हातचं काही पोटात घालू नका.