आत घेतलेला होकार

अस्सार हो म्हणतो तेव्हा त्याच्या ओठांचा चंबू होतो आणि गरम कॉफी भुरकावी तशी थोडी हवा आत जाते. आवाज बाहेर पडतच नाही. गुनवोरने एकदा ती काम करते त्या डेअरीच्या प्रयोगशाळेतलं घड्याळ लावून मोजलं होतं: अर्ध्या सेकंदाहून कमी. उत्तर स्वीडनमधल्या त्यांच्या गावात सगळेच असा होकार देतात, तीही देते. लग्नाला अठरा वर्षं झाली, तिला त्याचं कधी काही वाटलं नव्हतं.

पत्र आल्यापासून वाटायला लागलं होतं. कोलंबियातल्या अनाथाश्रमातली न्यूबिया, वय चार, उंची चौऱ्याण्णव सेंटिमीटर. उजवा कान पूर्ण बंद, डावा अर्धा. फोटोत ती फोटो काढणाऱ्याच्या तोंडाकडे टक लावून बघत होती. पाच वर्षं दत्तकासाठी अर्ज, तपासण्या आणि घरभेटी झाल्या होत्या, पण कानांचा विषय कधी निघाला नव्हता. विचार करून कळवा, असं स्टॉकहोमच्या संस्थेने लिहिलं होतं. एकदा मुदतही वाढवून दिली. आज तीनला त्यांचा फोन येणार होता. उत्तर मिळालं नाही, तर न्यूबियाचे कागद दुसऱ्या घरी जाणार होते.

गुनवोरचं पहिल्याच दिवशी ठरलं होतं. अस्सारला तिने चारदा विचारलं आणि चारही वेळा त्याने हवा आत घेतली. पण गाई विकायच्या का, असं विचारलं होतं तेव्हाही त्याने हेच केलं होतं, आणि गाई पुढे सहा वर्षं गोठ्यात होत्या. तो श्वास कधी ‘हो’ असतो, कधी नुसता ‘ऐकलं’. यावेळी तिला अंदाजावर जायचं नव्हतं.

अडीचला सासूबाई, तेक्ला, चीज घेऊन आल्या. गुनवोरने तिथल्या रीतीप्रमाणे कपांत चीजचे तुकडे टाकले, वर कॉफी ओतली. अस्सार आला आणि नेहमीसारखं खिडकीकडे पाठ करून बसण्याऐवजी समोरच्या बाकावर बसला.

“अरे, ती माझी जागा,” तेक्ला म्हणाल्या. “वीस वर्षांत खुर्ची बदलली नाहीस, आज काय झालं?”

“परवापासून इथेच बसतोय.”

“का पण?”

तो चमच्याने चीज शोधत राहिला. “तिथे बसलं की तोंड अंधारात जातं. इथे उजेड पडतो. तिला ओठ दिसतील.”

गुनवोरच्या हातातली किटली तशीच राहिली. परवा, काल, आज सकाळी. तो समोर बसला होता आणि तिला दिसलंही नव्हतं.

“ओठ दिसून काय करायचंय?” तेक्ला म्हणाल्या. “तुझे हलतात कधी? तुझ्या बापाने मला मागणी घातली तीसुद्धा श्वास आत ओढून. मी म्हटलं, दमा आहे की काय याला.”

गुनवोर हसली, मग त्याच्यासमोर बसली. “अस्सार, तू असा आत होकार दिलास तर तिला काय कळणार? ना ऐकू येणार, ना ओठांवरून वाचता येणार.”

त्याच्या ओठांचा चंबू झाला. सवयीने. मग तो थांबला आणि कानापर्यंत लाल झाला.

“सराव करतोय,” तो म्हणाला. “लाकडाच्या शेडमध्ये.”

“कोणासमोर?” तेक्लांनी विचारलं.

“कुत्र्यासमोर.”

“मग? काय म्हणतोय तो?”

फोन वाजला. तीनला चार मिनिटं कमी होती. गुनवोर उठली, पण अस्सार तिच्या आधी पोचला. या घरात फोन तो कधीच घेत नसे. त्याने रिसीव्हर कानाला लावला, पलीकडच्या बाईंचं सगळं ऐकून घेतलं आणि तोंड उजेडाकडे, गुनवोरकडे वळवलं.

“हो,” तो मोठ्याने म्हणाला. “न्यूबिया आमची. आम्ही तिला न्यायला येतो.”