चार घरांचं बावखल

या, जवळ या. मागचे पुढे सरका, सतरंजीवर जागा आहे. दारातल्या बाईने खुर्ची घ्यावी, गुडघ्यांना शिक्षा कशाला. पेटी अजून सुरात लागतेय, बुवांचा घसा गरम पाण्यावर आहे, तेवढ्यात एक गोष्ट सांगून होईल. संताची नाही. आपल्यातल्याच एका माणसाची, ज्याची श्रद्धा पक्की होती आणि बूड मात्र कुठल्याच पाटावर टिकत नव्हतं.

आपल्या वसईत होळी बाजाराच्या पलीकडच्या वाडीत व्हिक्टरचं घर. मागे केळी, अळू, मोगऱ्याच्या दोन ओळी, आणि समोर चार घरांचं मिळून एक बावखल. आता नव्या मुलांना बावखल सांगावं लागतं. वाडवडिलांनी हाताने खणलेलं तळं ते. पावसाचं गोडं पाणी पोटात धरायचं आणि उन्हाळाभर वाडीला पाजायचं. पाणी कुणी कधी घ्यायचं याच्या पाळ्या ठरलेल्या, आणि पाळीवरून भांडणंही ठरलेली. भांडण झालं तरी सणाला एकमेकांकडे ताट जायचंच.

व्हिक्टर तबला वाजवी. शेजारचा पास्कल कीर्तन करी. ईस्टरआधीच्या उपवासकाळातल्या शुक्रवारी देवळाच्या, म्हणजे आपल्या चर्चच्या, आवारात पास्कलने आख्यान लावलं की लोक रुमाल घेऊनच येत. पास्कल थांबला की व्हिक्टर थांबे. इशारा कधी लागला नाही. गावं महापालिकेत घालू नका म्हणून चळवळ उभी राहिली, तेव्हाही हे दोघं पहिल्या रांगेत. पास्कल घोषणाही चालीवर म्हणे, आणि व्हिक्टर पत्र्याच्या डब्यावर ठेका धरी. सभा व्हिक्टरच्या ओट्यावर, चहा फ्लोराचा. फ्लोरा म्हणजे व्हिक्टरची बायको. सभा उठली की तिला रिकामे पेले ओट्याखाली, तुळशीच्या कुंडीत सापडत; एकदा तर बावखलाच्या काठावर सापडला, तो आत बेडूक बसलेला.

पुढे काय झालं ते तुम्हाला ठाऊक आहे. चळवळ थकली. माणसं आपापल्या सोयीच्या झेंड्याखाली निघून गेली. निवडणूक आली की सख्खे चुलते एकमेकांच्या दारावरून मान फिरवून जाऊ लागले. वाडीच्या चारी बाजूंनी इमारती वर आल्या, टँकर आले, हॉर्न आले. व्हिक्टर एकटा जुनं बोलत राहिला, आणि ऐकणारं कुणी नसलं की माणूस मोठ्याने बोलतो, तसा मोठ्याने बोलू लागला.

एका सकाळी मातीचे डंपर आले आणि बावखल बुजवू लागले. व्हिक्टर बनियनवरच धावला. जुन्या रिवाजाप्रमाणे त्याने ओट्यावर उभं राहून थाळी बडवली. पूर्वी थाळी वाजली की बायका चुलीवरची भाकरी तशीच टाकून येत. त्या दिवशी लोक आपापल्या ओट्यावर मोबाईल धरून उभे राहिले. चित्रीकरण चांगलं झालं. आणि डंपरच्या मागे हात हलवत, डावीकडे घे, अजून घे, असं सांगत उभा होता पास्कल.

"चार घरांचं आहे ते," व्हिक्टर म्हणाला.

"तीन घरांनी हो म्हटलंय," पास्कल म्हणाला. "चौथं घर सदा मोर्च्यात. सापडेल तर विचारू."

त्या दिवसापासून व्हिक्टरने तबल्यावर चादर घातली आणि पास्कलशी बोलणं टाकलं.

मग गोव्याचं वेड शिरलं. व्हिक्टर-फ्लोराची मुलगी शर्लिन नवऱ्याबरोबर तिथे राहायला गेली होती; दोघांचं काम घरून चालायचं. व्हिक्टर सकाळी दात घासताना गोवा, जेवताना गोवा. "तिथे अजून ग्रामपंचायत आहे. रविवारी ग्रामसभा भरते आणि माणसं येतात. रस्त्यावर कुणी हॉर्न वाजवत नाही. दुपारी दुकानं बंद करून झोपतात."

"तुला दुपारी झोप कधी लागली?" फ्लोराने विचारलं.

"इथे नाही लागत. तिथे लागेल."

"म्हणजे झोपेसाठी राज्य बदलायचं."

"तू हसतेस. माझा इथे जीव गुदमरतो, फ्लोरा."

हे त्याने हळू आवाजात सांगितलं, म्हणून ती सामान बांधायला लागली. वाडी शेजारच्या सॅन्टनला सांभाळायला दिली. नाताळ झाला आणि दोघं निघाली. फ्लोरा देवघरातल्या येशूच्या कुरसाला हात लावून पुन्हा पुन्हा मागे वळत होती. व्हिक्टर एकदाही वळला नाही. गाडी लागेल म्हणून तिने लिंबू घेतलं होतं, ते त्यालाच लागलं.

शर्लिनने नदीकाठी भाड्याचं छोटं घर पाहून ठेवलं होतं. लाल कौलं, समोर पायऱ्या, पायऱ्यांशी पाणी. पहिला आठवडा व्हिक्टर स्वर्गात होता. सायकलचा भोंपू वाजवत पाववाला येई, तोही त्याला घंटानादासारखा वाटे. मग हळूहळू बूड पाटावरून उठू लागलं. पहाटे जाग आली की हात पंपाच्या बटणाकडे जाई. तिथे पंप नव्हता. चर्चमध्ये मिस्सेला कोकणी गाणी, त्याला ओळी यायच्या नाहीत. बाकावर बोटं तेवढी ठेका धरत. दुपारी तो डोळे मिटून पडे आणि नदीवरच्या होडीचं इंजिन मोजल्यासारखं ऐकत राही. सॅन्टनला रोज फोन. केळीला पाणी दिलंस का, मोगऱ्याचं काय, पास्कल काय म्हणतो. "तू त्याच्याशी बोलत नाहीस ना?" सॅन्टन विचारी. "मी कुठे बोलतोय, तुला विचारतोय," असं व्हिक्टरचं उत्तर.

एका रविवारी ग्रामसभा भरली. व्हिक्टरने इस्त्रीचा सदरा घातला. शाळेच्या मोठ्या खोलीत माणसं दाटीवाटीने बसलेली बघून त्याला भरून आलं. पंख्याखाली जागा असूनही तो भिंतीला टेकून उभा राहिला, पूर्वी राहायचा तसा. गावची टेकडी कापून वर बंगले बांधायचे घाटत होतं. अर्धी चड्डी घातलेला एक किडकिडीत म्हातारा उठला आणि बोलू लागला. टेकडी गेली तर झरा जाईल. बाहेरचे येतात, घरं घेतात, भाडी चढवतात, आमची पोरं गावात खोली घेऊ शकत नाहीत. भायल्यांना इथे जागा कशाला?

व्हिक्टरला शब्द अर्धे कळले, चाल पूर्ण कळली. ती त्याचीच होती. तोच श्वास, तेच बोट वर करणं. त्याची बोटं भिंतीवर ठेका धरू लागली, आणि कळायच्या आत तो पुढे जाऊन मराठीत बोलत होता. जमीन गेली की पाणी जातं. पाणी गेलं की शेजारी जातो. सही करू नका, कुणी काही दाखवलं तरी करू नका. कितीतरी दिवसांनी त्याचा आवाज मोकळा लागला होता. घाम पुसून तो थांबला.

पुढच्या बाकावरची एक म्हातारी वळली. गुडघ्यावर छत्री, चष्मा दोऱ्याने बांधलेला. "बाब, तूं खंयचो?"

"वसईचा."

"हांगा घर घेतलां?"

"भाड्याने. मुलगी आहे इथे."

तिने मान हलवली. "बरें उलयता तूं," ती मायेने म्हणाली. "पूण मागीर वसयंत उलोवपाक कोण उरला?"

वसईत बोलायला मग कोण उरलं. कुणी हसलं नाही. हसले असते तर परवडलं असतं. सभा संपल्यावर त्या किडकिडीत म्हाताऱ्याने त्याला स्कूटरवर बसवून घरापर्यंत सोडलं आणि जाताना दोन कैऱ्या हातावर ठेवल्या. भायल्याला.

घरी आला तर फ्लोरा पायरीवर बसली होती, साडी पोटरीपर्यंत, पाय पाण्यात. शेजारच्या दोघी तिसऱ्यांच्या शिंपल्या निवडत होत्या आणि ती त्यांच्यात मिसळून तोडक्या कोकणीत काहीतरी सांगत होती. तिघी खिदळत होत्या. फ्लोरा असं हसते हे व्हिक्टरला आठवत होतं, पण कधीचं ते आठवेना.

त्या गेल्यावर तो म्हणाला, "चल, परत जाऊ."

"कधी?"

"उद्या."

फ्लोराने पाय पाण्यातून काढले नाहीत. "मला यायचं नव्हतं. तुझा जीव गुदमरत होता म्हणून आले. आता आलेय तर मला राहू दे."

"तुला इथे काय आहे?"

"ही पायरी आहे." तिने पायांनी पाणी ढवळलं. "आपल्या ओट्यावर मी कधी बसले, सांग. तू बसायचास, तुझी सभा बसायची, मी आत पातेल्यापाशी. माझं काही म्हणणं नाही, काम देवाचं होतं. पण इथे मला कुणी चहा मागत नाही, व्हिक्टर. गायनवृंदात घेतलंय मला. गुडघा दुखत नाही."

"आणि मी?"

"तू जा. तुझा जीव तिथे नाही तर कुठे लागणार आहे? तिथे तरी कुठे लागतोय म्हणा," ती म्हणाली आणि हसली. "उपवासकाळातलं कीर्तन आहे या शुक्रवारी. सॅन्टन सांगत होता, पास्कलने तबल्याचं मशीन आणलंय. ऐकून तरी ये."

त्याने आत जाऊन पिशवी भरायला घेतली. 

तो एकटा आला. घर उघडलं, पंप लावला, बुजलेल्या बावखलाकडे पाठ करून बसला. शुक्रवारी देवळाच्या आवारात सगळ्यात मागे, आंब्याखाली उभा राहिला. पास्कलने आख्यान लावलं होतं. आवाज जरा खरखरीत झाला होता, भाव तोच. शेजारी पाटावर ते मशीन. माणसाने रडण्यासाठी थांबावं आणि यंत्राने तसंच धा धिं धिं धा करत राहावं. पास्कल दोनदा थांबला, दोनदा मशीन पुढे गेलं. लोक रुमालाआड हसू लागले.

तेवढ्यात व्हिक्टरला पुढच्या रांगेत चाकाच्या खुर्चीत ज्युली दिसली. पास्कलची बायको. कंबर गेल्यापासून ती देवळात आली नव्हती. तिच्या घराकडच्या बोळातून गाडी शिरत नसे. खुर्चीसकट उचलायला चार माणसं लागत, आणि चार माणसं मोर्च्याला मिळतात, रोज मिळत नाहीत. आज ती आली होती, केसांत गजरा घालून. कुठल्या वाटेने आली ते व्हिक्टरला सांगावं लागलं नाही. डंपरने घातलेल्या मातीवरून गाडी तिच्या दाराशी लागली होती.

तो पुढे गेला. मशीनचं बटण बंद केलं. पाटामागे तबल्याची जुनी जोडी होती, ती ओढून बसला. पास्कलने त्याच्याकडे पाहिलं नाही, फक्त पुढची ओळ जरा खालच्या पट्टीत घेतली.

आरती झाल्यावर पास्कल शाल घडी करत म्हणाला, "सम चुकली तुझी."

"हात बसले होते. रस्ता हवा होता तर बोलला असतास."

"आलो होतो तुझ्या ओट्यावर. तू भाषण करत होतास. मला म्हणालास, बस, शेवटचा मुद्दा आहे. फ्लोराने चहा दिला. ज्युलीला फुलं दिली. तुझा मुद्दा काही संपला नाही."

"फ्लोराला ठाऊक होतं?"

"ती दर आठवड्याला यायची ज्युलीचे केस धुवायला. तुला कोण सांगणार, घोषणेत सांगायचं का?"

व्हिक्टर तबल्यावरची शाई अंगठ्याने चाचपत राहिला. मग म्हणाला, "सगळं कशाला बुजवलंस? गाडीला एक काठ पुरतो."

"डंपर एकदा सुरू झाला की थांबतो का? मशीनच ते." पास्कलने घसा खाकरला. "रस्ता सोडून उरलेलं उपसता येईल. चार घरांनी ठरवलं तर. चौथं घर गावात आहे का?"

"अर्धं आहे," व्हिक्टर म्हणाला.

मंडळी, ते उपसणं अजून चाललंय. रविवारी मिस्सेनंतर कधी चौघं येतात, कधी नुसते हे दोघं म्हातारे घमेलं धरून एकमेकांची उणीदुणी काढत बसतात. पाणी लागलेलं नाही. मधल्या दिवसांत व्हिक्टर पिशवी भरून गोव्याला जातो, पायरीवर बायकोशेजारी बसतो, तिसऱ्या दिवशी चुळबुळ सुरू होते आणि फ्लोराच त्याची पिशवी दारात आणून ठेवते. फोनवर ती आधी ज्युलीचं विचारते, मग बावखलाचं. तिने परत यावं असं तो आता म्हणत नाही. मनात असतं, ते केळीला पाणी देताना दिसतं.

पेटी लागली वाटतं. तर बुवा उभे राहण्याआधी एवढं करा. लढ्यात पुढे असलेल्यांची नावं आपण प्रार्थनेत घेतोच, घ्यायलाच हवीत. आज हात जोडाल तेव्हा फ्लोराची आठवण ठेवा, जिच्या हातचा चहा आपल्यातल्या कितीजणांनी पेल्याकडे न बघता प्यायला. नदीकाठच्या पायरीवर आत्ता ती बसली असेल. तिला कुणी उठवू नये, एवढं मागा.