राजीखुशीनं फसलेले तीस जण

मंगळवार पेठेतल्या आमच्या भजनी मंडळात तीस माणसं आहेत, आणि त्या तिसांच्या तिसांना एका पोरीनं तीन आठवड्यांत फसवलं. खरं म्हणजे तिला आम्हाला फसवायचं नव्हतंच. फसायची हौस आमची. एवढं सोडलं तर बाकी सगळं शास्त्रशुद्ध झालं.

ही पोरगी म्हणजे क्रांती. आमच्याच गल्लीच्या टोकाला राहते आणि इंजिनीअरिंग कॉलेजात पीएचडी करते. चौथं वर्ष चालू आहे. माणसाचं आणि मोबाईलचं आपसात कसं जमतं, न जमलेल्या जागेतून चोर आत कसा शिरतो आणि त्याला दारातच कसं अडवायचं, हा तिचा अभ्यास. एका गुरुवारी विठ्ठल मंदिरात आमचं भजन संपलं तेव्हा ती आली. बुक्का लावून घेतला, प्रसादाचे फुटाणे खाल्ले, म्हाताऱ्यांच्या पाया पडली. तिथंच आम्ही अर्धे तिच्या बाजूचे झालो.

"तुमच्या फोनमध्ये मी एक ॲप टाकणार," ती म्हणाली. "फसवा मेसेज आला आणि तुम्ही त्यातल्या लिंकवर बोट ठेवलं, की लिंक उघडायच्या आधी ते आडवं येणार. नुसती लाल पाटी नाही दाखवणार, तुम्हाला एक प्रश्न विचारणार. मग मागं फिरायचं की पुढं जायचं, ते तुम्ही ठरवायचं."

"आन् हे फसवं मेसेज पाठवणार कोण?" हंबीररावांनी विचारलं. हंबीररावांनी तीस वर्षं शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत काढली. ओतलेल्या लोखंडावर हातोडी मारून नुसत्या आवाजावरून आतली पोकळी सांगणारा माणूस. पेपरात कुणी ऑनलाईन फसल्याची बातमी आली की ते ती मोठ्यानं वाचतात आणि म्हणतात, "शिकलेली माणसं, आन् अशी कशी फसत्यात रं?"

"मीच पाठवणार, काका. तीन आठवड्यांत नऊ मेसेज. तुमचं काही जाणार नाही."

"म्हंजे चोर बी तूच आन् पोलीस बी तूच."

"व्हय!" क्रांती हसली. मग तिनं फॉर्म वाटले. प्रत्येकाला एक नंबर दिला. नाव कुठंही येणार नाही, मेसेज वाचले जाणार नाहीत, फक्त लिंक आणि तुमचं बोट एवढंच नोंदलं जाईल, असं तिनं तीनदा समजावलं. "प्रबंधाचं हे शेवटचं प्रकरण आहे," जाताना ती म्हणाली. "इशारा चालतो का नाही, एवढंच बघायचंय. जमलं तर जूनमध्ये प्रबंध देऊन मोकळी होईन."

ती गेली आणि बाळाबाईंनी टाळ खाली ठेवले. बाळाबाईंच्या दोन म्हशी आहेत आणि आवाज खणखणीत आहे. त्या मंडळाच्या अध्यक्षा नाहीत, पण अध्यक्ष त्यांना विचारून खोकतात.

"ऐका," त्या म्हणाल्या. "पोरगी चार वर्षं खपत्या. आता ती मेसेज धाडणार, आन् आपण एकबी फसलो न्हाय, तर तिचा सर काय म्हणंल? तुझं मेसेज कुणी उघडलं बी न्हाईत, जा घरला, असं म्हणंल."

"पण ती तर इशारा बघणार म्हणाली," मी चाचरत म्हटलं.

"आण्णा, तुम्ही पेटी वाजवा."

मी पेटी वाजवतो हे खरं आहे. आणि खोटं कशाला सांगू, मलाही ते पटलंच. नवखा कीर्तनकार उभा राहतो, त्याची चाल चुकते, आख्यान भलतीकडं जातं, तरी आपण टाळी धरतोच की. त्याला वाटलं पाहिजे, समोर माणसं आहेत आणि देवही ऐकतोय. क्रांतीला तेवढी साथ द्यायला आमचं काय जात होतं?

आम्ही साथ दिली, आणि जरा जास्तच दिली. पहिला मेसेज आला, पार्सल अडकल्याचा. दहा मिनिटांत बाळाबाईंचा मला फोन. "आला का? मग दाबा की! वाट कसली बघताय, पोरगी ताटकळली असंल." इशारा आडवा यायचा, आम्ही त्याला बाजूला सारून पुढं जायचो. आमचे एक भिडू लेकीकडं इचलकरंजीला गेले होते. त्यांचं फसायचं राहून गेलं, तर त्यांनी रात्री फोन करून माफी मागितली आणि मग फसले. लालासाबांनी तर एकच मेसेज दोनदा उघडला. लालासाब आमचे मृदंग वाजवणारे. तबल्या-मृदंगाला शाई भरण्याचं काम त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं, त्यामुळं हात फार चोख. दोनदा का म्हणून विचारलं, तर म्हणाले, "पयल्या टायमाला नीट फसलो न्हाय आसं वाटलं."

तीन आठवडे संपले. गुरुवारी भजन सुटल्यावर क्रांती लॅपटॉप घेऊन आली. चेहरा उतरलेला, डोळ्यांखाली काळं.

"नऊ मेसेज, तीस माणसं," ती म्हणाली. "दोनशे एकाहत्तर वेळा माझा इशारा आडवा आला."

तो वरचा एक ओळखून लालासाबांनी मान खाली घातली.

"आणि दोनशे एकाहत्तर वेळा तुम्ही पुढं गेलात."

बाळाबाईंचा चेहरा उजळला. "मग झालीस की पास!"

"नापास झाले, आज्जी." क्रांतीनं डोळे पुसले. "इशारा बघून तुम्ही थांबायला हवं होतं. एकदासुद्धा कुणी थांबलं नाही. सोमवारी सरांना दाखवायचंय. सर म्हणणार, हे प्रकरण काढून टाक, दुसरं काहीतरी कर. म्हणजे आणखी दोन वर्षं."

तिनं लॅपटॉप आमच्याकडं वळवला.

"एक सांगा," ती म्हणाली. "तो प्रश्न वाचायला सात सेकंद लागतात, मी मोजलेत. तुम्ही सगळे दोन सेकंदांत पुढं गेलाय. वाचलात तरी का?"

"माझा चष्मा न्हवता," एकजण पुटपुटले.

"ऊन पडलेलं स्क्रीनवर," दुसरे म्हणाले. मेसेज संध्याकाळचा होता.

शेवटी लालासाबांना राहवलं नाही. "लेकी, आम्ही तुझ्यासाठी फसलो गं."

मग सगळंच बाहेर आलं. क्रांती आधी ऐकत राहिली, मग हसायला लागली, आणि हसता हसता तिनं डोळे पुसले ते वेगळ्याच कारणानं.

"म्हणजे माझे मेसेज तुम्हाला ओळखू यायचे?"

"सगळं यायचं की," बाळाबाई म्हणाल्या. "भजनाच्या टायमाला तू कधी पाठवलं न्हाईस. चोराला असली अक्कल कुठली?"

"मी मुद्दाम टाळायचे. म्हटलं, मध्येच फोन वाजायला नको."

"आन् दर मेसेजात 'कृपया' लिवतीस. आमाला इतकी वर्षं कुणी कृपया म्हटलं न्हाय, बाई."

क्रांतीनं कपाळाला हात लावला. ती आकड्यांची यादी खालीवर करू लागली. मग एका ओळीपाशी थांबली.

"मग हे काय आहे? गेल्या गुरुवारी, पाच वाजता, भजनाच्या वेळी. एकोणीस फोनवर आलाय हा मेसेज. मी पाठवलेला नाही. मला वाटलं ॲपच बिघडलं."

"तो व्हय? तो खराच चोर हुता," बाळाबाई म्हणाल्या. "हयातीचा दाखला मिळाला न्हाय, पेन्शन बंद करतो म्हणत हुता. मला कसली पेन्शन? म्हशीची? दिला पुसून."

क्रांती सरळ बसली. "पंधरा जणांनी पुसला. चौघांनी लिंकवर बोट ठेवलं. इशारा आला, आणि ते चौघंही मागं फिरले. चौघंही!" तिनं आमच्याकडं पाहिलं. "यातला सतरा नंबर एकोणचाळीस सेकंद थांबलाय. सतरा नंबर कुणाचा, ते मी सांगणार नाही. मेसेज माझा नव्हता, म्हणून परवानगीही नव्यानं घ्यावी लागेल. पण त्या चौघांपैकी कुणी खरंच फसलं होतं का, आणि थांबलं ते माझ्या प्रश्नामुळं का, एवढं कळलं तरी सोमवारी मला सरांपुढं उभं राहता येईल. ज्याला सांगावंसं वाटेल त्यानंच सांगा. नाहीतर राहू दे."

मी पेटीचा भाता बंद केला, कारण हातांना दुसरं काही सुचत नव्हतं. तिच्यासाठी खोटं फसताना आम्हाला काही वाटलं नव्हतं. खरं फसल्याचं सांगायला मात्र तीस माणसांच्या देवळात एक तोंड उघडत नव्हतं.

"सतरा माझा," हंबीरराव म्हणाले.

बाळाबाईंचं तोंड उघडलं. टोमणा जिभेवर आलेला आम्हाला दिसला. त्यांनी तो गिळला. इतक्या वर्षांत असं पहिल्यांदाच झालं.

"लिहून घे," हंबीरराव जमिनीकडं बघत म्हणाले. "भजन सुटलं, चपला घालताना मेसेज बघितला. सहाच्या आत दाखला भरा म्हणत हुता, आन् पाच पन्नास झालेलं. मी नोव्हेंबरात दाखला दिला का न्हाय, तेच आठवंना. हल्ली आठवत न्हाय मला. पोराला इचारावं, तर तो म्हणणार, आबा, तुमचं डोकं चालंना. म्हणून इचारलं न्हाय. दाबलं."

"मग?" क्रांतीनं हळूच विचारलं.

"मग तुझं ते आलं. 'ही घाई तुमची की त्यांची?' पयल्यांदा वाटलं, हे पोरीचंच, सारावं बाजूला. पर बोट उठंना. एक चप्पल पायात, एक भायेर, तसाच उभा ऱ्हायलो. म्हटलं, मला कशाची घाई? आन् मागं फिरलो. घरी जाऊन फाईल काढली. दाखला हाय जागेवर."

कीर्तनात आख्यान ऐन रंगात येतं आणि बुवा हात वर करून टाळ-मृदंग थांबवतात. एक प्रश्न टाकतात आणि गप्प उभे राहतात. तेव्हा आपलं आपल्यालाच ऐकू येतं. हंबीररावांचं झालं ते तेच, फक्त देवळाबाहेर, चपलांपाशी.

"चार नंबर माझा हाय," लालासाब म्हणाले. "मीबी दाबलं हुतं."

"तुम्हाला कुठली पेन्शन?" मी विचारलं.

"न्हायच की. पर बंद करतो म्हणाला, म्हटलं म्हंजे चालू असंल."

देऊळ हसलं. हंबीररावही हसले, आणि त्यांची मान वर आली. मग उरलेल्या दोघांनीही आपापले नंबर सांगितले. क्रांतीनं चौघांच्या नव्यानं सह्या घेतल्या आणि एकेकाला बाजूला बसवून सगळं लिहून घेतलं. तोवर बाळाबाईंनी चहा केला. पहिला कप हंबीररावांना दिला, साखर जास्त घालून.

सोमवारी तिनं सरांना काहीही न लपवता सांगितलं, अगदी लालासाबांच्या दोनदा फसण्यासकट. सर हसले आणि त्यांनी दोनशे एकाहत्तरवर काट मारली. चार माणसं म्हणजे पुरावा नव्हे, म्हणाले, पण प्रकरण ठेवायला एवढं कारण पुरे आहे. मात्र प्रयोग पुन्हा करायचा, आणि ही माणसं तुझ्यासाठी का फसली तेही प्रबंधात लिहायचं. प्रबंध जूनऐवजी डिसेंबरात. दोन वर्षांचे सहा महिने झाले.

"फक्त सरांची एक अट आहे," पुढच्या गुरुवारी ती आम्हाला सांगत होती. "जिथं माझ्यावर कुणाची माया नाही अशा ठिकाणी जायचं. मी गडहिंग्लजला जाणार."

"गडहिंग्लजला?" बाळाबाईंनी पिशवीतून फोन काढला. "माझी नणंद हाय की तिथं! चाळीस बायकांचं मंडळ हाय तिचं. आत्ता सांगते, पोरीला नीट सांभाळून घ्या म्हणून."

"आज्जी, पाया पडते!" क्रांतीनं दोन्ही हातांनी तो फोन धरला. "कुणाला काही सांगू नका. माझं नावसुद्धा नको."

"आन् तिथं तुझा मेसेज कुणी उघडलाच न्हाय तर?"

"तर बरंच की! विठोबाची शपथ घ्या, फोन करणार नाही म्हणून."

बाळाबाईंनी गाभाऱ्याकडं पाहिलं. त्या खोटी शपथ घेत नाहीत, म्हणून वेळ लागला.

"बरं. न्हाय करत फोन," त्या म्हणाल्या. "पर दुपारी जेवायला तरी तिच्याकडं जा."

"मी डबा नेणार आहे, आज्जी."