आईबापाचं बोट

मुरोता योशिहिकोला वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी पाय कुठे ठेवायचा हे नव्याने शिकावं लागलं. त्याआधी बावीस वर्षं तो झेरॉक्सची यंत्रं विकत होता, आणि त्या धंद्यात पायांना गिऱ्हाइकाच्या दारात उभं राहण्यापलीकडे काम नसतं. मग लोकांनी कागद कमी केले, कंपनीने मुरोताला कमी केलं, आणि तो डोंगरातल्या आपल्या गावी, आईकडे परत आला. कामिहारात एकच धंदा वाढता होता. तरुण केव्हाच निघून गेले होते आणि म्हातारे एकेक करून घाट उतरत होते, तेही आडवे.

वर गाव, तळाशी दाहगृह, मध्ये एकोणीस वळणं. मुरोताला कामावर घेणाऱ्या अंत्यसंस्कार कंपनीने आपोआप गिअर पडणारी एक नवी काळी गाडी घेतली होती, पण कामिहाराच्या म्हाताऱ्यांना ती नको असे. त्यांना जुनीच हवी: मागे देवळासारखं सोनेरी छप्पर, त्यावर कोरलेले ड्रॅगन, आणि हाताने टाकायचे गिअर. ज्यांनी जन्मभर घाट पायी चढला, त्यांना उतरताना तरी देवळात बसून उतरायचं होतं. ते छप्पर इतकं जड होतं की गाडी नुसत्या ब्रेकवर आणली तर सातव्या वळणापर्यंत जळका वास सुटे आणि नातेवाइकांना वाटे, दाहगृह आलं. म्हणून प्रत्येक वळणाआधी गिअर खाली उतरवून इंजिनाकरवीच गाडी धरून ठेवावी लागे.

इथेच पायाचा प्रश्न येई. ब्रेक दाबलेला असतानाच गिअर उतरवायचा, तर इंजिनालाही त्याच क्षणी जरा गती द्यायला हवी. नाहीतर क्लच सोडताच गाडी हिसका देते. डावा पाय क्लचवर अडकलेला. उरला उजवा. त्याने चवड्याने ब्रेक धरायचा आणि टाच वळवून अॅक्सिलरेटरला एक टिचकी मारायची. ती चुकली की शवपेटी दोन बोटं पुढे सरकून चालकाच्या पाठीमागच्या फळीवर आदळे. धप्.

हे शिकवायला इबुकीसान होते. वय चौऱ्याहत्तर; तरुणपणी डोंगरातल्या मोटारशर्यती, नंतर एकतीस वर्षं ही गाडी. आता गुडघे बोलू लागले होते. शिकवण्यासाठी ते पुढे बसत नसत. पेटीत माणसाच्या वजनाची वाळूची पोती भरायची, पेटीशेजारी चटई टाकून स्वतः बसायचं, आणि फळीवर बोटाच्या पेराने वाजवायचं. एकदा वाजवलं की चूक, दोनदा वाजवलं की गाडी थांबव. याखेरीज बोलणं नाही. पुढे बसून चूक नुसती ऐकू येते, मागे बसलं की ती लागते, असं त्यांचं म्हणणं होतं. शिवाय मेलेल्या माणसाकडे एकच तक्रार उरलेली असते, ती तो जागच्या जागी नोंदवतो, तर ती ऐकायला कोणीतरी हवं.

पहिल्या दिवशी एकोणीस वळणांवर एकोणीस वेळा धप् झालं, आणि विसाव्यांदा गाडी लावताना. इबुकीसान मागून उतरले, पाठ चोळली आणि म्हणाले, "तुझा पाय विक्रेत्याचा आहे. समोरच्याला कळायच्या आत सही घेतो. जरा थांबायला शिक."

मुरोता थांबायला शिकला. घरी स्वयंपाकघरात आईच्या तांदळाच्या डब्यावर चवडा आणि सोया सॉसच्या बाटलीवर टाच ठेवून तो सराव करी. आईने दोन दिवस पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी बाटली उचलून ठेवली. ऑक्टोबर संपता संपता एकोणीसवरून चारावर आलं, मग एकावर. पण तो एक काही जाईना. तो नेहमी अकराव्या वळणावरच व्हायचा. तिसऱ्यातून दुसऱ्यात येताना गिअर क्षणभर रेंगाळे, टाचेची टिचकी वाया जाई, आणि धप्. मागोमाग इबुकीसानांच्या बोटाची टक.

एके दिवशी गुडघ्यांमुळे इबुकीसानांना मागे चढवेना. ते पुढे मुरोताशेजारी बसले आणि छोटं संत्रं सोलू लागले. दहा वळणं छान गेली. अकराव्यावर धप्. आणि लगेच, फळीच्या मागून, टक.

मुरोताने शेजारी पाहिलं. इबुकीसानांचे दोन्ही हात संत्र्यात होते.

"मी नाही," ते म्हणाले.

"मग कोण?"

"एकतीस वर्षं माणसं उतरवतोय. एखादा शिकला असेल." त्यांनी एक फोड तोंडात टाकली. "ते सोड. तुझा अंगठा कुठे आहे?"

मुरोताने खाली पाहिलं. गिअरच्या दांड्यावर चार बोटं होती. अंगठा तळव्यात, मुठीच्या आत. मागे बसणाऱ्याला हे कधी दिसलंच नव्हतं.

अकराव्या वळणावर मुरोताचं घर होतं. वळणावरच्या गोल आरशाच्या खांबाखाली त्याची आई उभी राही. प्रेताची गाडी जाताना ती गेली सत्तर वर्षं उभी राहत आलेली होती. अंगठा म्हणजे आईबापाचं बोट. प्रेताची गाडी दिसली की ते मुठीत लपवायचं, नाहीतर आईबापांच्या शेवटच्या घटकेला आपण जवळ नसतो, हे तिनेच त्याला पाचव्या वर्षी शिकवलं होतं. ती स्वतः अजून दोन्ही अंगठे लपवी. तुझे आईबाप जाऊन चाळीस वर्षं झाली, आता कोणाला लपवतेस, असं त्याने एकदा विचारलं होतं, तर म्हणाली, "मीच अंगठा आहे ना आता. मला नको लपायला?"

मुरोता पदवीधर होता. हे सगळं खोटं आहे हे त्याला माहीत होतं, आणि शिकलेला माणूस खोट्या गोष्टी जास्त काळजीने पाळतो. वडील गेले तेव्हा तो एका शाळेत कागदाच्या दोन्ही बाजूंना छापणारं यंत्र चालवून दाखवत होता. पाचवीतली मुलगी चुकून छापलेला कागद घ्यायला आली तेव्हा फोन वाजला. आता आईच्या हृदयाबद्दल डॉक्टर वसंत ऋतूपर्यंतचंच बोलत होते, पण ते खालच्या आवाजात. या वेळी जवळ असायचं, एवढं एकच त्याने ठरवलं होतं. गावी परतल्याचं खरं कारणही तेच होतं. नोकरी गेली हे आपलं सांगायला बरं.

हे सगळं त्याने गाडी कडेला लावून इबुकीसानांना सांगितलं. त्यांनी संत्र्याच्या सालीची घडी घातली.

"माझी आई गेली तेव्हा मी याच गाडीत दुसऱ्याची आई उतरवत होतो," ते म्हणाले. "अंगठा आत घालूनच."

"मग?"

"मग काय. दांड्यावर चार बोटांनी गिअर पडत नाही. काढ बाहेर. जबाबदारी माझी."

अशा गोष्टीची जबाबदारी घेतात कशी, हे मुरोताला विचारायचं होतं. पण नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात इबुकीसान सकाळी वर्तमानपत्र वाचता वाचता गेले, आणि प्रश्न तसाच राहिला.

त्यांना उतरवायचं मुरोतानेच. ही त्याची पहिली खरी फेरी. सकाळी दहाला त्याने लांब हॉर्न दिला आणि गाडी निघाली. मागे मंडळींची मिनीबस. शेजारी इबुकीसानांची पुतणी कुनिए, मांडीवर काकांचा फोटो. ती कर खात्यात होती आणि पुराव्याशिवाय कशालाच मान डोलवत नसे.

दहा वळणं गेली. मागून काही नाही. छपराच्या घंटा तेवढ्या किणकिणत होत्या.

अकराव्यावर आई आरशाखाली उभी होती. काळी शाल, दोन्ही मुठी बंद. तिने वाकून नमस्कार केला. मुरोताचा अंगठा आपणहून आत गेला. मागे कोण आहे हे त्याला आठवलं, आणि त्याने तो बाहेर काढून दांड्यावर ठेवला. चवडा, टाच, क्लच. दुसरा गिअर तोफूत सुरी जावी तसा पडला. पेटीने हूं की चूं केलं नाही. आरशाच्या खांबाशी आई अजून वाकलेलीच होती.

पुढचा रस्ता बाराव्या वळणापर्यंत सरळ होता. तिथे ना गिअर, ना ब्रेक. मागून आवाज आला. टक टक.

मुरोताने वेग तसाच ठेवला. प्रेत असलेली ही गाडी वाटेत थांबवत नाहीत, मागे घेत नाहीत, आणि आल्या वाटेने परतही नेत नाहीत. परत जायला दुसऱ्या खोऱ्यातून चव्वेचाळीस किलोमीटरचा वळसा. हे नियम त्याला इबुकीसानांनीच शिकवले होते.

टक टक.

कुनिएने फोटोवरची नजर न काढता म्हटलं, "काका थांबायला सांगतायत."

"तुम्हाला ऐकू आलं?"

"मी काय बहिरी आहे? थांबा की."

मुरोता थांबला. मागे मिनीबस थांबली. पांढरे हातमोजे आणि पातळ तळाचे काळे बूट घालून तो घाटावरून वर पळत सुटला, आणि खिडक्यांतून त्याच्याकडे चौदा लोक पाहत राहिले.

आई खांबाला टेकून खाली बसली होती. ओठ निळसर झाले होते.

"गाडी सोडून आलास?"

"हो."

"वेडा आहेस." श्वास घ्यायला तिला वेळ लागला. "हिसका नाही बसला हं. मी ऐकत होते."

तिने त्याचा हातमोजा काढला आणि लहान मूल धरतं तसा त्याचा अंगठा आपल्या मुठीत धरला. मूठ बराच वेळ घट्ट होती. मग सैल झाली. शेजारची बाई फोन करून धावत आली तरी मुरोताने हात काढला नाही. काढला तेव्हा तो त्याने स्वतःच काढला, कारण गाडीत माणूस वाट पाहत होता.

उरलेली आठ वळणं त्याने एकही आवाज न होता उतरवली. दाहगृहावर फॉर्म भरायचा असे. 'वाटेत थांबण्याचं कारण' या रकान्यात त्याने लिहिलं: मागून सूचना आली. कंपनीच्या मालकाने ते वाचून विचारलं, मागून म्हणजे मिनीबसमधून का? कुनिएने फॉर्म ओढून घेतला, 'हे खरं आहे' असं लिहिलं, तारीख घातली आणि आपला शिक्का मारला.

तिसऱ्या दिवशी मुरोताने आईला उतरवलं. शेजारची जागा रिकामी होती. अकराव्या वळणावर आरशाखाली कोणी नव्हतं, म्हणून असेल, त्याची नजर तिथे अडकली आणि टाच केसभर उशिरा पडली. इतक्याशा चुकीने पेटी हलतसुद्धा नाही, आणि हललीही नाही.

मागून एकदाच आवाज आला, बोटाच्या पेराचा. टक.

मुरोता पुढच्या वळणापर्यंत विचार करत राहिला, ही चूक ओळखली कोणी. आईला गाडी चालवता येत नव्हती.